बोट ठेवून सांग

वनमाला नापास झाल्याची बातमी तिच्याआधी मुरारला पोचली. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून मुरारला यायला टांग्याला पाऊण तास लागतो. बातमीला घोडं लागत नाही. ती टांग्यातून उतरली तेव्हा तिच्या आत्या मंदाताई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती जण बसले होते?"

"आठ."

"आणि पास किती?"

"सात."

"वा! घराण्याचं नाव राखलंस," मंदाताई म्हणाल्या आणि एक जुडी तिच्याकडे सरकवली. "हातपाय धू आणि ही निवड. रडायचं असेल तर निवडता निवडता रड."

वनमाला रडली नाही. तिला राग आला होता. उत्तरपत्रिकेवर परीक्षकांनी लाल शाईने एकच ओळ लिहिली होती: 'विद्यार्थिनीने गोष्ट वाचलेली दिसत नाही.' तिने ती गोष्ट चार वेळा वाचली होती! नापास म्हटलेलं एक वेळ चालतं, पण चारदा वाचणाऱ्याला वाचलं नाही म्हणणं म्हणजे पोटभर जेवून उठलेल्याला उपाशी ठरवणं झालं.

आता ही परीक्षा कसली ते सांगायला हवं. साल होतं एकोणीसशे छप्पन, आणि त्या साली ग्वाल्हेरात जो तो मोजला जात होता. संस्थान जाऊन आठ वर्षं झाली होती. मध्यभारत नावाचं राज्य आलं होतं, त्या नावाची लोकांच्या जिभेला जरा कुठे सवय होत होती, तोच एक नोव्हेंबरला तेही मोडून नवा मध्यप्रदेश होणार असं ठरलं. राजधानी भोपाळ. मोतीमहालातल्या सचिवालयातले कारकून फायली फडक्यांत बांधत होते आणि रस्त्यात भेटले की एकमेकांना "तुमचं काय ठरलं?" असं आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारत होते. त्या मोजदादीत कॉलेजातला मराठीचा वर्गही सापडला. आठाहून कमी विद्यार्थी असतील तो वर्ग बंद, असा हुकूम आला. आणि नुसती नावं भरून भागणार नव्हतं, कारण आपले लोक हुशार. आते-मामेभावांची नावं लिहून पट भरणारे काही कमी नव्हते. म्हणून प्रत्येकाने बाहेरच्या परीक्षकाची एक परीक्षा पास व्हायची. न वाचलेली एक गोष्ट द्यायची आणि तिचं विवेचन लिहून घ्यायचं.

मराठी शिकवणारे मधुसूदन सर हजीऱ्यापासून कंपूपर्यंत दारोदार फिरले, तेव्हा कुठे आठ डोकी जमली. आठवी वनमाला. तिचे वडील दौलतसिंह संस्थानच्या फौजेत हवालदार होते. फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली तेव्हा त्यांनी गणवेश उतरवला आणि मुरारलाच एका गोदामावर स्टोअरकीपर म्हणून लागले. गणवेश गेला, पण बोलणं हुकमाचंच राहिलं. मुलीला कॉलेजात घालताना त्यांनी सांगितलं होतं, "मराठीचा वर्ग आहे, मास्तर आपले आहेत, म्हणून पाठवतोय. वर्ग आहे तोवर कॉलेज. वर्ग गेला की घर." दौलतसिंह एक गोष्ट दोनदा सांगत नसत आणि सांगितलेली बदलतही नसत.

म्हणजे वनमाला नापास, तर वर्ग बंद. वर्ग बंद, तर तिचं कॉलेज बंद, आणि बिचाऱ्या बाकीच्या सात जणांची मराठीही बंद. मधुसूदन सरांनी अर्ज-विनंत्या करून एक कलम शोधून काढलं की एकटाच विद्यार्थी अडला असेल तर त्याची तोंडी परीक्षा घेता येते. दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख मिळाली. मध्ये पंधरा दिवस.

नापास का झाली, हे तिला त्या दिवशी कळलं नव्हतं. आपण सांगून टाकू. मधुसूदन सर भला माणूस, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी एकच मिसळणाचा डबा होता: कथानक, पात्रे, वातावरण, भाषा आणि तात्पर्य. वाट्या भरल्या की विवेचन झालं. तात्पर्याच्या वाटीत बहुतेक वेळा त्याग असायचा. परीक्षेत आलेली गोष्ट होती दोन व्याह्यांची. लग्नात पहिला विडा कोणी घ्यायचा यावरून दोघे तासभर भांडतात आणि तेवढ्यात मांडवातली बकरी विडा खाऊन टाकते. वनमालेने वाट्या नीट भरल्या आणि शेवटी लिहिलं, 'दोघांनीही विडा सोडला, म्हणून ही कथा त्यागाची आहे.' बकरीने खाल्लेल्या विड्यात त्याग पाहणारी मुलगी परीक्षकांना जन्मात पहिल्यांदाच भेटली असावी.

नापास झाल्यावर तिने काय केलं? तेच केलं जे आपण सगळे करतो. तीच वही पुन्हा पाठ करायला घेतली.

पाचव्या दिवशी दुपारी काकी आल्या. विजयाबाई. त्यांच्या लीलाला साताऱ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि पत्र घेऊन त्या मंदाताईंकडे आल्या होत्या. मुरारमधल्या मराठा घरांत हा रिवाजच होता. सोयरिकी अजून दक्षिणेतच व्हायच्या, आणि दक्षिण म्हणजे रेल्वेने दोन रात्री. उठलं आणि मुलगा पाहून आलं असं होत नसे. म्हणून आधी पत्र पाहायचं. चार बायका जमायच्या, घरातल्या धाकट्या मुलीने पत्र मोठ्याने वाचायचं, मग एकेकीने बोलायचं. नियम एकच: जे बोलाल ते पत्रावर बोट ठेवून बोला. मंदाताईंनी अशी पत्रं वाचून किती स्थळं तारली आणि किती बुडवली याची मोजदाद नव्हती. त्यांनी नाकारलेल्या एका मुलाला पुढे आधीची बायको निघाली, तेव्हापासून तर मुरारमध्ये त्यांचा शब्द शेवटचा झाला.

शेजारच्या दोघी येऊन बसल्या आणि वनमालाही वही मिटून नाइलाजाने आली. पत्रं वाचायला ती बाराव्या वर्षापासून बसत होती. तिला त्यात विशेष काही वाटत नसे. तिने वाचलं. पत्र मुलाच्या मामाचं होतं. मुलगा कचेरीत कायम आहे. स्वभाव शांत. मुलाचे वडील हयात असून प्रकृती उत्तम आहे. घरची विहीर बारमाही. आंब्याची चौदा झाडं आहेत, फळ साखरेसारखं. तरी लवकर कळवावं, म्हणजे आंब्याच्या मोसमात कार्य उरकता येईल.

"बरं वाटतंय," काकी म्हणाल्या. "फक्त साताऱ्याकडची माणसं हट्टी असतात म्हणे."

"कुठंय? बोट ठेव," मंदाताई म्हणाल्या.

"पत्रात नाहीये, पण सगळे म्हणतात ना अक्का..."

"मग ते पत्रातलं नाही, तुझ्या डोक्यातलं. बाजूला ठेव. वना, तू सांग."

वनमालेचं मन अर्धं वहीत होतं. तिने सहज कागदावर बोट ठेवलं. "आत्याबाई, हे बघा. वडील हयात आहेत, प्रकृती उत्तम आहे. तर मग पत्र मामाने का लिहिलं? वडिलांनी का नाही लिहिलं?"

"आता कशी बोललीस! आणि प्रकृतीचं कोणी विचारलं होतं त्याला?"

"कोणी नाही. त्यांचं हे पहिलंच पत्र आहे, आपण अजून काही लिहिलेलंच नाही."

"न विचारता दिलेलं उत्तर नेहमी दोनदा वाचायचं. पुढे?"

"आंब्यांना दोन पूर्ण वाक्यं आहेत. मुलाच्या स्वभावाला दोन शब्द. मतलब, मामांची ओळख आंब्यांशी जास्त दिसते."

बायका हसल्या. काकी मात्र घाबरल्या. "म्हणजे वडिलांना हे लग्न नकोय? भांडण आहे घरात?"

"असेल, नसेल," मंदाताई म्हणाल्या. "पत्र एवढंच सांगतंय की बाप गप्प आहे आणि मामाला घाई आहे. त्याच्यापुढे आपण जायचं नाही. त्याच्यापुढे गेलं की ती चहाडी. काय आहे विजया, पत्र लिहिणारा समोरच्याबद्दल सांगत असतो, पण सांगता सांगता स्वतःबद्दलही बोलून जातो, आणि त्याला पत्ता नसतो. तू उत्तर धाड, की वडिलांच्या हातचं चार ओळींचं पत्र आलं तर पुढे बोलू."

काकी कागद घडी करू लागल्या आणि वनमाला उठून उभी राहिली. उभी राहिली म्हणजे ताडकन उभी राहिली. मांडीवरचं सुपारीचं तबक खाली पडलं.

"आत्याबाई, एक गोष्ट वाचू?"

"कोणाकडून आली?"

"कोणाकडून नाही. छापलेली. मी जिच्यात नापास झाले ती."

तिने व्याह्यांची गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या पानावरच बायका पोट धरून हसत होत्या. गोष्ट हसण्याची आहे हे चार वेळा वाचून वनमालेला दिसलं नव्हतं, कारण हसण्याला सरांच्या डब्यात वाटी नव्हती. काकींना तर खात्रीच पटली की हे व्याही हजीऱ्यातल्या अमुक घरातले. त्या नाव घेणार तोच मंदाताई कडाडल्या, "बोट ठेव!" काकींनी नाव गिळलं. मग मंदाताईंनी स्वतः बोट ठेवलं. "हे गोष्ट सांगणारं कोण आहे बघ. मुलीचा धाकटा काका. दोघांना समजावतो म्हणतो, पण बकरीचं दावं कोणी सोडलं हे लिहीत नाही. आणि बकरी बांधायला तोच गेला होता, हे इथे वर लिहून बसलाय." सगळ्याजणी पुन्हा हसल्या, आणि वनमाला सगळ्यांत मोठ्याने. तिला इतका आनंद झाला की स्वतःच्या मूर्खपणाचीही लाज वाटेनाशी झाली. हे तर तिला येत होतं! सहा वर्षं येत होतं. फक्त पत्र घरातलं आणि गोष्ट परीक्षेतली, असं धरून ती बसली होती.

उरलेले दहा दिवस मुरारच्या त्या ओट्यावर रोज दुपारी एक गोष्ट वाचली गेली. जुन्या मासिकांचा गठ्ठा मधुसूदन सरांनी नई सडकेवरच्या आपल्या खोलीतून पाठवला. पोरगी नोट्स सोडून बायकांत बसून गोष्टी वाचते हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण गठ्ठा काही परत मागितला नाही. दौलतसिंह गोदामावरून येताना ओट्यावरचा गोंधळ ऐकत, जोडे काढत आणि आत जात. एकदा त्यांनी विचारलं, "अक्का, अभ्यास चालू आहे की हळदीकुंकू?" मंदाताई म्हणाल्या, "तू तुझी पोती मोज."

सोमवार उजाडला. कॉलेजच्या एका खोलीत टेबलामागे दोघे बसले होते. परीक्षक मुकुंदराव, बाहेरगावाहून आलेले, चष्मा कपाळावर. लाल शाईची ओळ त्यांचीच. शेजारी शिक्षण खात्याचे साहेब, हिंदी बोलणारे, त्यांच्यापुढे वर्गांची यादी आणि टोक केलेली पेन्सिल. मराठीच्या वर्गापुढची जागा अजून कोरी होती. साहेबांना संध्याकाळच्या गाडीने भोपाळ गाठायचं होतं आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते. बाहेर व्हरांड्यात मधुसूदन सर सात विद्यार्थ्यांसह उभे होते.

मुकुंदरावांनी मासिकातून कापलेली तीन पानं पुढे केली. लेखकाचं नावही कापलेलं होतं. "नाव नाही, म्हणून लेखकाचं चरित्र सांगायला लागू नका. अर्धा तास वाचा."

गोष्टीचं नाव होतं 'पुडी'. सांगणारा एक किराणा दुकानदार. बायको वारल्यावर त्याने मुलीला, शरयूला, दुकानात बसवलं. शाळा सुटली तरी तिचं काही अडलं नाही, तिला शिकण्याची गोडीच नव्हती, असं तो म्हणतो. मग दुकानाची हुशारी सांगतो. पुडीला कागद पातळ हवा, जाड कागद दुमडत नाही; म्हणून तो जवळच्या गिरणीतली पातळ रद्दी आणायचा. त्याच्या दुकानात तीन सापळे आहेत, उंदराची टाप नाही धान्याला तोंड लावायची. पुढे तो गावाच्या दुसऱ्या टोकाला वकिलांकडून रद्दी आणू लागतो, जाडजूड मासिकांची. आणि कुरकुरतो, की शरयू हल्ली मंद झाली आहे. एकेक कागद हातात धरून बसते. गठ्ठ्यातली पानंही कमी होतात. उंदीर नेत असावेत. एक गिऱ्हाईक म्हणतं, पोरगी शिकली असती तर बरं झालं असतं. तो म्हणतो, तिला गोडी नव्हती हो. शेवटी लिहितो, 'कागदाला उंदीर फार झालेत, पण सापळा लावायला सवड होत नाही. वकिलांकडे जाऊन यायला हवं.'

"सांगा," मुकुंदराव म्हणाले.

वनमालेने पानं पुढ्यात ओढली. तिने पहिल्यांदा तेच सांगितलं जे वर तरंगत होतं. मुलगी पुडीचे कागद वाचते. पानं ती लपवते, उंदीर नेत नाहीत. बापाला दिसत नाही.

"बरोबर," मुकुंदराव म्हणाले. "आंधळा बाप. मी ही गोष्ट अकरा वर्षं शिकवतोय. तेच उत्तर आहे."

साहेबांना मराठी थोडंफार कळत होतं. त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली. "यह तो कोई भी बता देगा, मुकुंदराव जी. लिखाई में फ़ेल है, तो ज़बानी में कुछ तो अलग हो. इतने के लिए क्लास कैसे रहने दें?"

मुकुंदरावांनी खांदे उडवले. पेन्सिल कोऱ्या जागेकडे सरकली. वनमालेने ती सरकताना पाहिली. त्या क्षणी तिला वडील, वर्ग, सात जण, सगळं एकदम आठवलं. पण हात पानांवरच होता. ती म्हणाली, "सर, एक मिनट. माझं अजून झालं नाही."

"बोला."

"सर, सांगणारा कोण आहे ते मी पाहिलंच नाही. सांगतोय बापच." तिने पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हे बघा. पातळ कागद चांगला, जाड कागद दुमडत नाही, हे यानेच लिहिलंय. मग जाड कागद आणायला गावाच्या त्या टोकाला हाच का जातो? गिरणी तर जवळ होती."

मुकुंदराव पुढे वाकले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आणि इथे. तीन सापळे आहेत म्हणतो. धान्याचा दुकानदार आहे, उंदीर दिसला तर रात्रीचा दिवस करेल. आणि इथे, शेवटी, सापळा लावायला सवड नाही म्हणतो. पण वकिलांकडे जायला सवड आहे. सर, याला उंदीर कोण आहे ते माहीत आहे. बाप आंधळा नाहीये. सगळं त्याच्या बिलकुल समोर चाललंय. मासिकं तो तिच्यासाठीच आणतोय."

साहेबांची पेन्सिल थबकली. मग मुकुंदरावांनी पानं आपल्याकडे ओढून घेतली आणि घाईने उलटली. पहिलं, तिसरं, पुन्हा पहिलं. अकरा वर्षांची सवय इतक्या सहज सुटत नाही. त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"पण तो दुकानदार माणूस आहे. हे लोक सगळं नफ्या-तोट्यात पाहतात. मासिकं स्वस्त मिळाली असतील."

"तसं कुठे लिहिलंय, सर?" वनमाला म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नाही, ओट्यावर बोलत असे तशी बोलली. "बोट ठेवून दाखवा. भाव कुठेच दिलेला नाही. दुकानदार असे असतात हे आपल्या डोक्यातलं झालं, ते बाजूला ठेवायला हवं."

एक विद्यार्थिनी आपल्याला बोट ठेवायला सांगते आहे हे मुकुंदरावांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते हसू लागले. चांगले मोठ्याने हसले. "नाही ठेवता येत," ते म्हणाले. "खरंच नाही ठेवता येत!"

साहेब मात्र हसत नव्हते. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "लेकिन बेटी, पता है तो बोलता क्यों नहीं? लड़की से कह दे कि पढ़ो. अपनी ही बेटी है."

वनमालेने वर पाहिलं. हे तिने तयार केलं नव्हतं. तिने पुन्हा पानांकडे पाहिलं आणि सावकाश बोट ठेवत गेली. "साहब, यहाँ देखिए. उसको गोडी नव्हती... पढ़ने का शौक नहीं था, यह पहले ही कह देता है, और तब तक किसी ने पूछा भी नहीं. फिर ग्राहक से भी वही कहता है. जो बिना पूछे जवाब दे, उसके मन में सवाल पहले से होता है. कह देगा कि पढ़ो, तो यह भी मानना पड़ेगा कि स्कूल उसी ने छुड़वाया. वह मान नहीं सकता. इसलिए रद्दी लाता है."

साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना स्वतःला मुली होत्या की काय, हे आपल्याला माहीत नाही आणि त्यावर बोट ठेवता येणार नाही, तेव्हा ते सोडून देऊ. एवढं खरं की त्यांनी थोड्या वेळाने हळू आवाजात विचारलं, "फिर आगे उस लड़की का क्या हुआ?"

"आगे काग़ज़ पर नहीं है, साहब."

मुकुंदरावांनी टेबलावर थाप मारली. "पास! लेखी, तोंडी, सगळ्यात पास. आणि ही पानं तुझ्याकडे ठेव. मला आता ही गोष्ट पुन्हा शिकावी लागणार." साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि मराठीच्या वर्गापुढच्या कोऱ्या जागेत शाईने आठ लिहून खाली सही केली. वर्ग राहिला!

वनमाला दाराबाहेर आली तेव्हा मधुसूदन सरांना ती काही सांगायच्या आधीच कळलं; माणूस मूर्ख नव्हता, चेहरे त्यांना वाचता येत होते. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. सात जणांनी मात्र असा आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गातले मास्तर बाहेर येऊन ओरडले.

फाटकाजवळ कडुनिंबाखाली दौलतसिंह उभे होते. गोदामाची सुट्टी नव्हती, तरी आले होते, आणि कधीपासून उभे होते कोण जाणे. पाठ ताठ, हात मागे. वनमाला धावत गेली आणि त्यांच्यापुढे येऊन थांबली. तिला धाप लागली होती.

"वर्ग?" त्यांनी विचारलं.

"आहे, आबा. वर्ग आहे."

दौलतसिंहांनी मान वळवून क्षणभर रस्त्याकडे पाहिलं. घसा खाकरला. मग त्यांचा आवाज पुन्हा कवायतीच्या मैदानावरचा झाला.

"मग इथे काय करतेस? वर्गात जा!"